कोठे द्यायचे आणि कोणाकडून आले

घरचा संगणक चालू होता, मला हवा असलेला हिशेब त्यावर होता आणि मी घरापासून दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब होते. माझ्या पुढ्यातल्या लॅपटॉपला इंटरनेट होते, तिकडे त्या संगणकालाही होते. म्हणजे दोघेही एकाच जाळ्याला बांधलेले होते, आणि तरीही इकडून तिकडे हाक मारण्याची सोय नव्हती. अखेर मी आईला फोन केला.

"आई, माझ्या कॉम्प्युटरवर एक पिवळं फोल्डर दिसतंय का?"

"अगं, इथे सगळीच पिवळी आहेत. नेमकं कुठलं उघडू?"

पाऊण तासाने फाइल माझ्याकडे आली आणि ती जुनी आवृत्ती निघाली. पुन्हा फोन करण्याचा धीर मला झाला नाही. मात्र एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला: घरातला कोणताही संगणक जगातल्या कोणत्याही सर्व्हरपर्यंत क्षणात पोहोचतो, मग जगातून त्याच्यापर्यंत कोणी का पोहोचू शकत नाही? तार तीच, राउटर तोच. जाण्याचा रस्ता आहे, तर येण्याचा का नाही?

पुढचे काही आठवडे मी या प्रश्नाच्या मागे लागले. राउटर आगंतुकांना अडवतो, तो पहारेकरी आहे, असा माझा समज होता. तो खोटा ठरला. राउटर कोणाला अडवत वगैरे नाही. आलेली वस्तू घरात कोणाला द्यायची हे त्याला ठाऊक नसते, एवढेच. त्याच्या नकारात दक्षता कमी आणि अज्ञान जास्त असते.

हे अज्ञान समजून घ्यायचे तर राउटरच्या पोटातली एक नोंदवही पाहावी लागते. घरात पाच-सहा यंत्रे असतात आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच असतो. इंटरनेटवरची माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते, आणि पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या वेगवेगळ्या कामांसाठीची क्रमांक दिलेली दारे. समजा, १९२.१६८.१.२३ हा खासगी पत्ता असलेल्या संगणकाने आपल्या ५१५४४ क्रमांकाच्या पोर्टवरून एखाद्या संकेतस्थळाच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टकडे पॅकेट पाठवले. राउटर त्या पॅकेटवरचा खासगी पत्ता खोडतो, तेथे घराचा सार्वजनिक पत्ता लिहितो आणि वहीत एक ओळ टाकतो: अमुक सर्व्हरकडून या पोर्टवर उत्तर आले तर ते २३ क्रमांकाच्या संगणकाला द्यावे. उत्तर येते, राउटर ओळ शोधतो, पत्ता उलटा बदलतो आणि पॅकेट नेमक्या संगणकाकडे जाते. काही काळ कोणी बोलले नाही की ती ओळ पुसली जाते. या पुसण्याचेही नियम आहेत. यूडीपी आणि टीसीपी या पॅकेट पाठवण्याच्या दोन पद्धती. यूडीपीची नोंद किमान २ मिनिटे टिकावी, जुळलेल्या टीसीपी संभाषणाची किमान २ तास ४ मिनिटे, असे यासंबंधीचे दस्तऐवज सांगतात, आणि घरगुती राउटर ते आपापल्या मगदुराप्रमाणे पाळतात किंवा पाळत नाहीत. आता मी दूरवरून, कोणी बोलावलेले नसताना, त्या सार्वजनिक पत्त्यावर जाऊन उभी राहिले तर राउटर वही उघडतो, माझ्या नावाची ओळ शोधतो, ती सापडत नाही, आणि माझे पॅकेट टाकून देतो. आतून कोणीतरी आधी बोललेले असावे लागते. घराला बोलता येते, पण न ओळखलेल्याचे ऐकून घेता येत नाही.

ही सगळी व्यवस्था तात्पुरती म्हणून सुरू झाली, याची मला गंमत वाटते. आयपी या इंटरनेटच्या पत्तापद्धतीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा. त्यातून फार तर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. हे पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी 'आरएफसी १६३१' या दस्तऐवजात पत्ते बदलण्याची ही युक्ती मांडली आणि ती अल्पकाळासाठीच आहे, तिच्यात बरेच दोष आहेत, हेही तेथेच नोंदवून ठेवले. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचे गट ठरले. १० ने सुरू होणारा एक, १७२.१६ पासूनचा एक आणि आपल्या सर्वांच्या ओळखीचा १९२.१६८ चा एक. हे पत्ते कोणीही वापरावेत, कितीही घरांनी वापरावेत, फक्त बाहेरच्या रस्त्यावर ते दिसू नयेत. पुढे पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांकही बदलण्याची पद्धत रुळली आणि अख्खे घर एका पत्त्याआड राहू लागले. तात्पुरती म्हणून उभारलेली ही सोय आता तिशी ओलांडून गेली आहे.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीत आपल्या हाताने लिहिलेली एक कायमची ओळ. आतून कोणी बोललेले असो वा नसो, या क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते या यंत्राला द्यावे, असे आपण राउटरला सांगून ठेवतो. लिहिण्याआधी ते यंत्र जागेवर सापडेल याची खात्री करावी लागते, कारण राउटर घरातल्या यंत्रांना खासगी पत्ते मुदतीने वाटतो आणि आज २३ क्रमांक असलेल्या संगणकाला उद्या ३१ मिळू शकतो. मग ओळ बरोबर आणि माणूस चुकीचा, असे होते. यावर उपाय म्हणून संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, राउटरमध्ये नोंदवून त्याच्यासाठी एक खासगी पत्ता राखून ठेवायचा. त्यानंतर मूळ ओळ. माझ्या राउटरने हे पान 'व्हर्च्युअल सर्व्हर' या नावाखाली ठेवले होते. दुसऱ्या एका राउटरवर ते खेळांच्या सेटिंगमध्ये सापडले. पानावर चारच रकाने होते: बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता, आतला पोर्ट, आणि टीसीपी की यूडीपी. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यापुढे उघडणाऱ्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप या सोयीचा पोर्ट ३३८९ आहे, तो मी भरला. संगणकावर ती सोय चालू केली, सुदैवाने माझी विंडोज प्रो आवृत्ती होती. होम आवृत्तीला दुसऱ्याकडे असे जाता येते, पण दुसऱ्याला आत घेता येत नाही. दहा मिनिटांचे काम होते.

चालेना. घरातच बसून, घरच्याच वायफायवरून मी घराचा सार्वजनिक पत्ता लॅपटॉपमध्ये टाकत होते आणि पडदा कोरा राहत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच प्रकार: शेजारच्या टेबलावरच्या संगणकाकडे जाण्यासाठी माझे पॅकेट बाहेर जाऊ पाहत होते आणि राउटरच्याच उंबऱ्यावरून परत फिरायला हवे होते. असे परत फिरवणे पुष्कळ राउटरांना येत नाही. त्यामुळे ओळ अचूक लिहिलेली असूनही घरातून केलेली चाचणी फसते. दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर मी फोनचे वायफाय बंद केले आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून पाहिले. चाचणी करायची तर घराबाहेर उभे राहून करावी, हे मला इतक्या उशिरा सुचले.

तरीही चालेना. मग घोडे कोठे पेंड खाते ते शोधण्यासाठी मी दोन आकडे शेजारी मांडले. राउटरच्या स्थितिदर्शक पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० ने सुरू होत होता. 'माझा आयपी पत्ता कोणता' हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच पत्ता दिसत होता. पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला, आणि एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. घरगुती राउटर घरात जे करतो तेच कंपनी आपल्या पातळीवर करते. शेकडो घरे एका सार्वजनिक पत्त्याआड बसवते. म्हणजे माझ्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर होता, त्याची वही माझ्या हातात नव्हती, आणि मी आपली खालच्या वहीत सुवाच्य अक्षरात ओळी लिहीत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

कंपनीच्या मदतकेंद्राशी झालेल्या संभाषणांवर मी फार शाई खर्च करणार नाही. चार वेळा मला राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगण्यात आले. पाचव्या वेळी फोनवर आलेल्या मुलाने माझे वाक्य अर्ध्यावरच तोडले, "मॅडम, तुम्हाला पब्लिक आयपी हवा आहे ना?" असे विचारले आणि दोन दिवसांत तो मिळवून दिला. जो प्रश्न नेमक्या दोन शब्दांत विचारायचा असतो तो मी आठवडाभर परिच्छेदांत विचारत होते. तो पत्ता सार्वजनिक होता, पण कायमचा नव्हता. राउटर पुन्हा चालू झाला की पत्ता बदलायचा आणि ये रे माझ्या मागल्या. त्यासाठी एक नाव घेऊन ठेवावे लागते आणि राउटरने आपला ताजा पत्ता त्या नावाखाली वेळोवेळी नोंदवायचा असतो. डायनॅमिक डीएनएस म्हणतात ते हेच. त्यात विशेष काही नाही. एकदा बसवले की विसरून जाता येते.

आणि मग एका रात्री मोबाइलच्या इंटरनेटवरून घरच्या संगणकाचा पडदा माझ्या लॅपटॉपवर उघडला. तीच पिवळी फोल्डरे. मी ते हिशेबाचे फोल्डर उगीचच उघडले आणि बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज म्हणून मी विंडोजच्या सुरक्षा नोंदी उघडल्या. अयशस्वी लॉगिनच्या नोंदीला तेथे ४६२५ हा क्रमांक असतो. मी खाली सरकत गेले आणि ४६२५ संपेनात. पहिली नोंद पोर्ट उघडल्याला दोन तास होण्याच्या आतली होती. नावे कोणी वापरली होती? ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, यूझर, टेस्ट, बॅकअप, स्कॅनर, रिसेप्शन. प्रत्येक नाव ठरावीक सेकंदांच्या अंतराने, न थकता, न चिडता. 'रिसेप्शन' या नावापाशी मी थांबले. माझ्या खोलीतल्या एका संगणकाला कोणीतरी कार्यालय समजून त्याच्या स्वागतकक्षात शिरू पाहत होते. खरे तर 'कोणीतरी' हा शब्दही चुकीचा आहे. तेथे कोणी माणूस नव्हता; यादी हातात धरून सगळ्या जगाचे पत्ते एकामागून एक ठोठावत जाणारा एक प्रोग्राम होता. चार अब्जांहून अधिक पत्ते म्हणजे अफाट समुद्र, त्यात माझा थेंब कोणाला सापडणार, असे मला वाटत होते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'झेडमॅप' हे साधन बनवले, तेव्हा गिगाबिट जोडणी असलेला एक साधा संगणक चौथ्या आवृत्तीचे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासू शकतो हे त्यांनी दाखवून दिले होते. समुद्र एवढाच आहे.

माझा पासवर्ड लांब होता, म्हणून काही बिघडले नाही. पण पासवर्ड हे झाले माझे शहाणपण. ज्या प्रोग्रामच्या तोंडाशी मी जगाला आणून उभे केले होते त्याच्या शहाणपणाचे काय? मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपच्या जुन्या आवृत्त्यांत 'ब्लूकीप' नावाचा दोष जाहीर झाला. त्याला पासवर्डाची गरजच नव्हती. आत पाऊल टाकण्याआधीच, दाराशी चाललेल्या बोलण्यातूनच यंत्राचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा वाऱ्यावर सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून प्रकरण किती गंभीर होते ते कळते. मी त्याच सकाळी ती ओळ पुसली.

ओळ पुसल्यावर मी ते पान बराच वेळ पाहत राहिले. चार रकाने. बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता, आतला पोर्ट, प्रकार. कोठे द्यायचे ते सगळे त्यात होते. कोणाकडून आले असता द्यायचे, हे विचारणारा रकाना नव्हता. ही ओळ मी माझ्यासाठी लिहिली असे मला वाटत होते, पण तिच्यात माझे नाव कोठेच नव्हते; राउटरचे अज्ञान मी सगळ्यांसाठी एकदमच दूर केले होते. काही राउटरांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा रकाना असतो, हे मला नंतर दिसले. तो भरायचा कशाने? प्रवासात असताना माझा पत्ता रोज वेगळा असतो. आज पाहुण्यांचे वायफाय, उद्या मोबाइल, परवा आणखी काही. पत्त्यावरून ओळख पटवायची तर माणसाने एका जागी राहायला हवे, आणि एका जागी राहणाऱ्याला दूरून घरी शिरण्याची गरजच काय? पोर्टचा क्रमांक बदलून ३३८९ च्या जागी पाच आकडी काहीतरी ठेवावे, असा सल्ला हमखास दिला जातो. त्याने ठोठावणे कमी होते हे खरे. पण दारावरची पाटी काढली म्हणून कुलूप मजबूत होत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बहुतेकांनी यातले काहीही करू नये. दूरनियंत्रणाची जी तयार ॲप असतात ती पोर्ट मागत नाहीत, कारण दोन्ही टोकांचे संगणक मधल्या एका सर्व्हरला आतून बाहेर फोन लावतात आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. आतून बोलणाऱ्याची ओळ वहीत आपोआप पडते, आणि कंपनीच्या वरच्या वहीचीही अडचण येत नाही. हा मार्ग सोपा आहे आणि पुष्कळदा सुरक्षितही आहे. मला मात्र मधला तिसरा नको होता. हा तत्त्वाचा भाग कमी आणि हट्टाचा जास्त असेल, हे मी मान्य करते.

माझा हट्ट शेवटी वायरगार्डपाशी येऊन थांबला. हे व्हीपीएनचे, म्हणजे इंटरनेटमधून दोन यंत्रांमध्ये खासगी बोगदा काढण्याचे, एक आटोपशीर साधन आहे, इतके आटोपशीर की मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या ५.६ आवृत्तीच्या गाभ्यात दाखल झाले. त्यात पासवर्ड नसतो. दोन्ही टोकांकडे किल्ल्यांची एकेक जोडी असते, प्रत्येक किल्ली ४४ अक्षरांची, आणि परस्परांची जाहीर किल्ली दोघांनी आधीच एकमेकांना दिलेली असते. घरी रास्पबेरी पाय हा एक छोटासा संगणक कायम चालू असायचा. त्याच्यावर मी हे बसवले आणि राउटरमध्ये पुन्हा एकच ओळ लिहिली, यूडीपीचा ५१८२० क्रमांकाचा पोर्ट. ओळ पूर्वीसारखीच होती, सगळ्या जगासाठी. पण या वेळी जग तेथे आले तर त्याला काय मिळणार होते? काहीही नाही. ओळखीच्या किल्लीने बांधलेले नसेल अशा पॅकेटला वायरगार्ड नकारसुद्धा देत नाही, गप्प बसतो. ठोठावणाऱ्याला आत कोणी आहे की नाही हेच कळत नाही. पोर्ट उघडा आहे की मुळात नाहीच, यांतला फरक त्याला बाहेरून दिसत नाही. राउटरच्या पानावर नसलेला पाचवा रकाना असा एक पायरी आत जाऊन भरला गेला, आणि तोही पत्त्याने नव्हे, तर माझ्याबरोबर प्रवास करणाऱ्या किल्लीने. रिमोट डेस्कटॉप आता या बोगद्यातून, घरातल्यासारखाच खासगी पत्त्यावर उघडतो. ३३८९ बाहेरून दिसत नाही.

पहिल्याच प्रवासात बोगदा जुळला आणि संगणक मात्र सापडेना. याचे कारण कळल्यावर मी एकटीच हसले. मी उतरले होते तेथल्या वायफायचे खासगी पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होत होते. माझ्या लॅपटॉपला २३ क्रमांकाचा संगणक माझ्या घरी नव्हे, तर त्याच खोलीच्या आसपास कोठेतरी असल्यासारखा वाटत होता आणि तो तेथेच शोधत बसला होता. कोणीही, कितीही घरांनी वापरावेत म्हणून ठेवलेले पत्ते कितीही घरांनी वापरले होते, त्यात नवल काय? घरी परतल्यावर मी घरच्या जाळ्याचा तिसरा आकडा बदलून ७३ केला. ७३ ला काही अर्थ नाही. दुसऱ्या कोणाला तो सुचणार नाही, हीच त्याची लायकी. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत हा घोळ नाही, तेथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळण्याइतकी मुबलकता आहे आणि फॉरवर्डिंगऐवजी राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे येणाऱ्या पॅकेटांची चाळणी करणाऱ्या भागात, नुसती परवानगी द्यावी लागते. पण मी जेथे जेथे जाते तेथे सहावी आवृत्ती असतेच असे नाही, आणि साखळीतला एक दुवा जुना असला की साखळी जुनीच.

एवढे करूनही एक उणीव राहिली होती. संगणक दिवसरात्र चालू ठेवणे मला पटत नव्हते आणि बंद संगणकाला बोगद्यातून हाक ऐकू येत नाही. त्यासाठी 'वेक ऑन लॅन' ही जुनी सोय आहे: १०२ बाइटांचे एक पॅकेट, त्यात आधी ठरावीक सहा बाइट आणि मग त्या यंत्राचा मॅक पत्ता ओळीने सोळा वेळा. झोपलेल्या माणसाला त्याच्या नावाने सोळा वेळा हाक मारावी तसे. ही हाक घरातल्या जाळ्यापुरतीच असते, ती बाहेरून राउटर ओलांडून सहसा पोहोचत नाही. म्हणून मी बोगद्यातून रास्पबेरी पायवर जाते आणि हाक तो मारतो. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू करायची असते, हे शोधण्यात आणखी एक रविवार गेला.

परवा दूरवरून पहिल्यांदा हे सगळे एकत्र वापरले. रात्रीचे साडेदहा झाले होते. वायरगार्डची स्थिती विचारली, त्याने शेवटचा हस्तांदोलनाचा निरोप १४ सेकंदांपूर्वीचा असल्याचे सांगितले. हाक मारली. मिनिटभराने पडदा उघडला आणि मी हिशेबाची फाइल, या वेळी बरोबर आवृत्तीची, उतरवून घेऊ लागले. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, तुझ्या खोलीतला कॉम्प्युटर आपला आपण चालू झालाय. बटणाला कोणी हात लावला नाही."

"मीच चालू केला, आई. इथून."

ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. मग बंद पण तिथूनच कर. त्याच्या पंख्याच्या आवाजाने मला जाग आली."